घोड्याचा मेंदूज्वर आणि डास

धानपट्ट्यातील एका गावाहून एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांच्या शेजाऱ्याचा वरातीचा घोडा भाद्रपदात आजारी पडला. पहिले दोन दिवस ताप होता, दाणा सुटला. मग मागचे पाय लटपटू लागले, खालचा ओठ लोंबला आणि घोडा गव्हाणीला डोके टेकवून उभा राहू लागला. कुणीतरी 'मेंदूज्वर' हा शब्द उच्चारला आणि गल्लीतल्या लोकांनी घोडा गावाबाहेर नेऊन बांधावा असा आग्रह धरला. "घोड्याचा हा ताप आमच्या मुलांना लागेल काय?" असे पत्रलेखक विचारतात. प्रश्न एका घोड्याचा असला तरी उत्तर पुष्कळांच्या उपयोगाचे आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

आजार खरोखर डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर असेल, तर तो घोड्यापासून माणसाला लागत नाही. घोड्याच्या श्वासातून, लाळेतून किंवा लिदीतून तो पसरत नाही. इतकेच काय, आजारी घोड्याला चावलेला डासही तो पुढे नेऊ शकत नाही. घोड्याच्या रक्तात हे विषाणू फार थोडे आणि थोडाच काळ असतात. डासाला बाधा होण्याइतकी त्यांची संख्या होत नाही. माणसाचेही तसेच आहे. रोगाच्या वाटेवर घोडा आणि माणूस ही दोन्ही बंद गल्लीची टोके आहेत. विषाणू तिथे पोहोचतो, पण तिथून पुढे जात नाही.

मग तो येतो कुठून? बगळे, ढोकरी यांसारखे पाणथळीचे पक्षी हे त्याचे मूळ घर. डुकरांच्या शरीरात तो झपाट्याने वाढतो आणि डुक्कर मात्र बहुधा आजारी दिसतही नाही. या पक्ष्यांना आणि डुकरांना चावलेले क्युलेक्स जातीचे डास तो उचलतात. हे डास वाढतात धानाच्या बांध्यांतील साचलेल्या पाण्यात, बोडीच्या आणि तलावाच्या गवताळ काठांवर. आपल्या पूर्व विदर्भात मालगुजारी तलाव आणि धान दोन्ही भरपूर, बगळ्यांनाही तोटा नाही. म्हणूनच भंडारा, गोंदिया, गडचिरोली या जिल्ह्यांत या रोगाचे नाव लोकांना माहीत आहे. आजारी घोडा हा गावाला धोका नसून गावाला मिळालेली सूचना आहे. ज्या डासांनी घोड्याला चावले तेच डास संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या मुलांनाही चावत आहेत, एवढे त्यातून कळते. घोडा वेशीबाहेर नेला तरी डास गावातच राहतात.

या रोगाला जपानी नाव पडले ते तिथल्या साथींमुळे. १९२४ साली जपानमध्ये माणसांत मोठी साथ आली आणि १९३५ मध्ये रोग्याच्या मेंदूतून विषाणू वेगळा काढण्यात आला. घोड्यांतही तिथे साथी येत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत हजारो घोडे आजारी पडले. पुढे घोड्यांना नियमित लस टोचली जाऊ लागली आणि आता तिथे घोड्यांचा मेंदूज्वर क्वचितच दिसतो. असाच धडा अमेरिकेने आपल्या काळात घेतला. वेस्ट नाईल नावाचा याच कुळातला विषाणू १९९९ मध्ये न्यूयॉर्क भागात पोहोचला. आधी कावळे मरून पडू लागले, मग माणसे व घोडे आजारी पडले. २००२ या एका वर्षात तिथे सुमारे १५ हजार घोड्यांना हा रोग झाला आणि लक्षणे दिसलेल्या घोड्यांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा दगावला. घोड्यांसाठी लस २००१ मध्येच निघाली होती. ती सर्वत्र टोचली जाऊ लागल्यावर दोन-तीन वर्षांतच हा आकडा खूप खाली आला. आपल्याकडे मात्र खेड्यातल्या घोड्याला मेंदूज्वराची लस टोचण्याची पद्धत नाही. आपल्या घोडेवाल्याच्या हाती मुख्यतः डासांपासून बचाव हाच उपाय आहे.

बाधा झालेल्या बहुतेक घोड्यांना काहीच होत नाही, हेही सांगितले पाहिजे. काहींना दोन-तीन दिवस ताप येतो व ते आपोआप बरे होतात. थोड्यांच्याच मेंदूला सूज येते. असा घोडा सुस्त होतो, पाय ओढतो, अडखळतो, गोल गोल फिरतो, दात खातो, त्याला गिळता येत नाही, कधी दिसेनासे होते. काही घोडे याउलट बिथरतात, घामाने निथळतात, भिंतीवर धडका देतात आणि कोसळतात.

आता वर 'असेल तर' असे का म्हटले ते पाहू. याच लक्षणांचे दुसरे आजार आहेत आणि त्यांतला एक माणसाच्या जिवावर बेतणारा आहे. पिसाळलेले कुत्रे चावलेला घोडाही असाच लटपटतो, लाळ गाळतो, त्यालाही गिळता येत नाही. अशा वेळी घशात काही अडकले असेल म्हणून मालक बेधडक तोंडात हात घालतो. हे कधीही करू नये. गेल्या काही महिन्यांत घोड्याला कुत्रे, कोल्हा किंवा मुंगूस चावले होते काय, हे आठवून पाहावे आणि डॉक्टरांना सांगावे. लाळ हाताच्या जखमेला किंवा ओरखड्याला लागली असेल तर ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनांविषयी विचारावे. घोडा मेल्यावर विचारू, असे म्हणून थांबू नये.

दुसरा आजार सर्रा. तो गोमाश्यांच्या चावण्याने पसरतो. ताप येतो-जातो, घोडा खंगतो, पोटाखाली व पायांवर सूज येते आणि शेवटी तोही गोल फिरू लागतो. सर्ऱ्यावर खात्रीचे औषध आहे. रक्ताची एक काचपट्टी तपासली असती तर वाचले असते असे घोडे 'मेंदूत ताप गेला' म्हणून सोडून दिले जातात, याची खंत वाटते. तिसरा धनुर्वात, खुरात खिळा रुतल्यानंतर किंवा जखमेनंतर अंग ताठ होते. घोड्याला धनुर्वाताची लस देता येते आणि ती प्रत्येक घोडेवाल्याने द्यावीच.

म्हणून घोडा लटपटताना दिसला की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. मेंदूज्वराचे निदान डोळ्यांनी होत नाही. रक्ताचा एक नमुना आजाराच्या सुरुवातीला व दुसरा दोन-तीन आठवड्यांनी घेऊन त्यांची तुलना करावी लागते. घोड्यांच्या रोगांसाठी हरियाणात हिसार येथे राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र आहे. नमुने कुठे पाठवायचे हे पशुवैद्यक ठरवतील.

या विषाणूंवर थेट काम करणारे औषध नाही. पण नीट शुश्रूषा झाली तर बरेच घोडे उठतात. जागा शांत व अंधारी असावी, खाली पेंढ्याचा जाड थर असावा. घोडा पडून राहिला तर तीन-चार तासांनी कूस बदलावी, नाहीतर अंगाला जखमा होतात. पाण्याची बादली तोंडापर्यंत न्यावी, पण ज्याला गिळता येत नाही त्याला बांबूच्या नळकांड्याने किंवा बाटलीने काढा, तेल, गूळपाणी पाजू नये. ते फुप्फुसात जाते आणि मेंदूज्वरातून वाचू शकला असता असा घोडा न्यूमोनियाने मरतो. कपाळावर किंवा कानामागे डाग देण्याचा प्रकारही अजून कुठे कुठे चालतो. त्याने सुजलेल्या मेंदूला काडीचाही आराम मिळत नाही, घोडा मात्र अधिक बिथरतो.

आता बचावाकडे वळू. आपल्याकडे चातुर्मासात लग्ने नसतात. घोड्याला काम नसते, म्हणून मालकाचे लक्षही उडते. सजवलेला घोडा दारात बांधला जातो, बेकार घोडा मागच्या परसात, नालीजवळ किंवा बांधीच्या धुऱ्यावर. नेमके हेच महिने डासांचे आणि मेंदूज्वराचे. वर्षातले हे चार महिने जपले तर निम्म्याहून अधिक काम झाले.

क्युलेक्स डास दिवस मावळल्यावर चावू लागतात आणि पहाटेपर्यंत चावत राहतात. तेव्हा ऊन कलताच घोडा आत घ्यावा व उजाडल्यावर बाहेर काढावा. खिडक्या-झरोक्यांना बारीक जाळी ठोकावी. ते परवडत नसेल तर जुन्या मच्छरदाणीचे कापड दारावर पडद्यासारखे सोडावे, मात्र घोड्याच्या तोंडाला लागणार नाही इतके दूर. आत रात्रभर दिवा ठेवू नये, कारण उजेडाकडे डास येतात. वीज असेल तर छताला किंवा उंच भिंतीवर पंखा लावावा. डास उडण्यात दुबळा असतो. वाऱ्याच्या झोतात त्याला अंगावर बसता येत नाही. वायर मात्र घोड्याच्या दातांच्या आवाक्याबाहेर हवी.

कडुलिंबाचा धूर सगळेच करतात. उघड्या जागी, वाऱ्याच्या वरच्या बाजूला थोडा धूर करण्यास हरकत नाही. पण बंद तबेल्यात रात्रभर धूर कोंडला तर घोड्याला खोकला व दमा जडतो. पेंढ्याजवळ विस्तव ठेवण्यातला धोका वेगळा सांगायला नको.

अंगावर काय लावावे, हेही अनेकजण विचारतात. पर्मेथ्रिनसारखी घोड्यांसाठी बनवलेली औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरता येतात. डोळे, नाकपुड्या व जखमा टाळून, कपड्याने तोंडाला हलके पुसावे, बाकी अंगावर फवारावे. घामाने व पावसाने ते निघून जाते, म्हणून पुन्हा लावावे लागते. शेतात फवारायचे कीटकनाशक मात्र घोड्याच्या अंगाला कधीही लावू नये. फवारणीच्या पंपात राहिलेल्या औषधाने जनावर धुण्याची काटकसर फार महागात पडते. विषबाधा होऊन जनावर दगावते आणि धुणाऱ्याच्याही जिवावर बेतते. अंगावर पातळ सुती झूल घातली तर डासांना चावायला जागाच कमी मिळते. झूल रोज वाळवावी.

डासाच्या अंड्यापासून पंखवाला डास व्हायला पावसाळ्यात साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून पाण्याचा हौद, टाके, फुटकी घमेली, जुने टायर रिकामे करून घासावेत. नुसते पाणी ओतून भागत नाही, कडेला चिकटलेली अंडी घासूनच निघतात. तबेल्यातले मूत वाहून जाण्यास उतार द्यावा. उपसता न येणाऱ्या विहिरीत व टाक्यांत गप्पी मासे सोडावेत. धानाच्या बांधीतले पाणी सततच भरलेले ठेवण्याऐवजी पीक साथ देईल तेव्हा मधून मधून आटू दिले तर अळ्या मरतात. पण हे एकट्या घोडेवाल्याचे काम नाही, धुऱ्याला धुरा लागलेल्या सर्वांनी मिळून ठरवावे लागते. डुकरांचे कोंडवाडे तबेल्यापासून आणि घरांपासून जितके लांब तितके बरे.

पत्रलेखकांच्या गल्लीतल्या आयांसाठी दोन शब्द. माणसांसाठी जपानी मेंदूज्वराची लस आहे आणि निवडक जिल्ह्यांत ती सरकारी लसीकरणात बालकांना नऊ महिने पूर्ण झाल्यावर व पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास देतात. आपल्या मुलाच्या कार्डावर तिची नोंद आहे का, हे आशाताईंना किंवा उपकेंद्रातील सिस्टरना विचारावे. मुलाला ताप येऊन झटके आले, ते बरळू लागले किंवा गुंगीत गेले तर घरगुती उपायात एक तासही न घालवता मोठ्या दवाखान्यात न्यावे. घोड्याला आजार झाल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या माहितीचा त्यांना उपयोग होतो. घोडा होता तिथेच राहू द्या. फक्त आज संध्याकाळी दिवे लागण्यापूर्वी त्याला आत घ्या आणि मुलांनाही.