रानातले किडे : पाहणं आणि फोटो काढणं

होळीच्या सुमारास काटेसावर आणि पळस फुललेले असतात. आपण मुलांना फुलं दाखवतो, फार तर पक्षी. किडा दिसला की मात्र चप्पल उचलायची, एवढीच ओळख. पावसाळ्यात किडे जास्त असतात हे खरं, पण तेव्हा गवत उंच आणि पायाखाली चिखल. आता पानगळीमुळे जमीन मोकळी दिसते.

सुरुवात काटेसावरीच्या बुंध्यापासून करावी. तिथे बहुतेक वेळा लाल ढेकण्यांचे घोळके सापडतात. त्यांना सावरीच्या बिया आवडतात. एकमेकांना मागून चिकटून चालणारी जोडी बघून मुलं हसतात. हसू द्या, आणि ते मीलन आहे हे सरळ सांगा. घोळक्यात काहींना पूर्ण पंख नसतात, ती पिल्लं. फुलपाखरासारखा कोष ती करत नाहीत, कात टाकत टाकतच मोठी होतात. 'अंडी-अळी-कोष-फुलपाखरू' हे चित्र पाठ केलेल्या मुलांना सगळ्याच कीटकांचं तसं नसतं, हे इथे डोळ्यांनी कळतं.

कोकणातल्या शाळांना तर आंब्यावर ओंबील मिळतात. कामकरी मुंग्या पानं ओढून धरतात आणि तोंडात आपल्याच अळ्या धरून त्यांच्या रेशमाने पानं शिवतात. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही, म्हणून बाळांना कामाला लावायचं! (चावतात कडकडून, दोन हात लांबूनच बघा.)

फोटोसाठी साधा मोबाईल पुरतो. सकाळी लवकर जावं, कारण कीटकांचं अंग उन्हानेच तापतं आणि थंडाव्यात ते सुस्त असतात. झूम करण्यापेक्षा गुडघ्यावर बसून हळूहळू जवळ सरकावं, किड्याच्या डोळ्यावर फोकस करावा, आपली सावली पडू देऊ नये. एक फोटो झाडाचाही घ्यावा. नाव लगेच सापडलं नाही तरी झाड, तारीख, जागा वहीत असेल तर नंतर शोधता येतं.

किडा हलला नाही पाहिजे म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवणारे हौशी लोकही असतात. मुलांना हे अजिबात शिकवू नये. फोटो हुकला तर हुकला. आणि वर कुठे आग्या मोहोळ लटकत नाही ना, हे मुलांना नेण्याआधी आपण एकदा जाऊन बघून यावं.