आधी कडा बघ

अगं, तोक्योला गेल्या गेल्या कॅमेरा क्लबात नाव घातलंस, फार बरं केलंस. आता दर महिन्याला फोटो मांडायचा, चारचौघांत बोलायचं, तर थोडं ऐकून ठेव.

फोटो मोबाइलवर दाखवू नकोस, कोंबिनीतून, म्हणजे तिकडच्या नाक्यावरच्या दुकानातून, छापून ने. तिकडचा नेहमीचा ‘एल’ आकार, ८९ बाय १२७ मिलिमीटर, पुरतो. टेबलावर ठेव आणि गप्प राहा. आराकावा नदीच्या काठावर फुजी दिसेपर्यंत किती कुडकुडलीस, हे आधी सांगितलंस तर लोक तुझी हकिगत ऐकतील, फोटो बघणार नाहीत. एवढंच विचार, नजर आधी कुठे गेली? नको तिथे गेली असेल तर वाद घालू नकोस.

तिथली माणसं सहसा तोंडावर दोष काढत नाहीत. ‘छान आहे’वर थांबू नकोस. “तुम्ही कुठे उभे राहिला असता?” असं विचार, म्हणजे मोकळेपणी बोलतील.

दुसऱ्याच्या फोटोवर बोलताना कडांपासून सुरुवात कर. मुलाच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब, अर्धवट कापलेलं पाऊल, कललेली पाण्याची रेघ, हे बोट ठेवून दाखवता येतं. पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे पर्समध्ये ठेव. ते फोटोवर सरकवत “इथपर्यंतच घेतला तर?” असं दाखवलंस की समोरच्याला चटकन पटतं. आवडनिवड मात्र शेवटी सांग, आणि स्वतःची म्हणूनच सांग.

कारण आवडीचं काही खरं नसतं. छायाचित्रकार दोमोन केन १९५० पासून ‘कॅमेरा’ मासिकात हौशी लोकांच्या फोटोंचं परीक्षण करायचे, तेही परखड. रचलेलं काही नको, समोरचं जगणं थेट टिपा, हा त्यांचा आग्रह. त्याच काळात तोत्तोरीकडचे शोजी उएदा बायकामुलांना वाळूत अंतराअंतरावर उभं करून फोटो काढत होते, म्हणजे सगळं रचलेलंच! १९४९ मध्ये दोघं तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर एकत्र फोटो काढायलाही गेले होते. आज साकाताला दोमोन यांचं आणि होकीला उएदांचं संग्रहालय आहे. जमलं तर दोन्ही बघून ये.

म्हणून कुणाचं मत मनाला लावून घेण्याआधी त्याचे स्वतःचे फोटो बघ. रस्त्यावरची माणसं टिपणारा आणि फुलं टिपणारा, दोघंही एकाच कोपऱ्यावर बोट ठेवत असतील, तर पुढच्या रविवारी त्याच जागी परत जा.