आधी पिल्लाकडे बघ

कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर
दि. १९ जून

चि. सई हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा तू इतकी घाबरली होतीस, की मी सांगितलेलं निम्मं तुझ्या कानात शिरलं नसणार. शेरू हे कुत्र्याचं पिल्लू घरी आणून जेमतेम चार दिवस झाले होते. सकाळपासून पाच वेळा पातळ शी, एक उलटी, आणि घरातला प्रत्येक माणूस वेगळं औषध सुचवत होता. तुझ्या आजींनी सहाणेवर जायफळ उगाळून ठेवलं होतं. दादाने कपाटातून जुलाबाची गोळी काढली होती. तुझी आई म्हणत होती, दूध-पोळी बंद करू नका, लेकरू अशक्त होईल. सगळ्यांना त्याची कळकळच होती. आज सकाळी शेरू खेळतोय, शीही घट्ट झाली आहे असं कळलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. म्हणून आता निवांत बसून सगळं लिहून काढतो आहे. हे पत्र फ्रिजवर लावून ठेव.

मी डॉक्टर नाही हे तुला ठाऊक आहे. ३१ वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून खेड्यापाड्यांतल्या श्रेणी-२ च्या दवाखान्यांत काढली. गाई-म्हशी, बैल, शेळ्या जास्त. कुत्री त्या मानाने कमी. पण एक गोष्ट सगळ्या मुक्या जनावरांकडून शिकलो. पोट बिघडलं की औषधाच्या आधी नजर हवी.

पिशोरकडची एक म्हातारी मला कायम आठवते. डोक्यावर टोपली, टोपलीत फडक्यावर पिल्लू, आणि हातात पळसाच्या पानाची पुडी. मी काही विचारायच्या आत तिने पुडी टेबलावर उघडली. "सायेब, हे आधी बघा, मंग पिल्लाला हात लावा." पानावर पिल्लाची शी होती आणि त्यात शेवयांसारखे पांढरे जंत. रात्रीपासून चार वेळा झाली, पाणी पितंय, भाकरीला तोंड लावत नाही, उलटी नाही, हे सगळं तिने एका दमात सांगितलं. तिला अक्षरओळख नव्हती, पण तिने सांगितलेल्यात काही विचारायचं शिल्लक नव्हतं. काल मी तुला विचारलं, शीचा रंग कसा आहे, तर तू म्हणालीस, "मामा, मी लगेच पुसून टाकली." पुढच्या वेळी पुसण्याआधी नीट बघ, मोबाइलवर फोटो काढ, वेळ वहीत लिहून ठेव.

काय बघायचं? किती वेळा झाली, पाण्यासारखी की खिरीसारखी, आव पडतेय का, रक्त आहे का, ती लाल आहे की डांबरासारखी काळी. उलटीत काय पडलं. मग पिल्लाकडे बघ. हाक मारली की कान टवकारतं का, शेपटी हलवतं का. ओठ वर करून हिरडीवर बोट ठेव. ती ओली आणि गुलाबी हवी. बोटाने दाबल्यावर पांढरी पडून दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोड. ती झटकन बसली तर ठीक; तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी कमी झालं आहे. ताप बघायचा तर गुदद्वारात थर्मामीटर लावून. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे कुत्र्याचं नेहमीचंच तापमान. हात लावून गरम लागलं म्हणजे ताप, असं समजू नकोस.

आता पोट का बिघडलं, ते सांगतो. शेरू तुमच्याकडे आला तेव्हा तो ४५ दिवसांचा होता असं विकणाऱ्याने सांगितलं. आपल्याकडे सर्रास याच वयात पिल्लं विकली जातात. प्रत्यक्षात केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. त्याला कारण आहे. आई तुटते, भावंडं तुटतात, घर बदलतं, खाणं बदलतं, हे सगळं एका दिवसात होतं आणि त्याचा पहिला भार पोटावर येतो. त्यात घरात पाहुणं आल्याचा आनंद. एकाने बिस्किट दिलं, दुसऱ्याने श्रीखंड चाटवलं, तिसऱ्याने दूध-पोळी कुस्करली. मुठीएवढ्या पोटाने किती झेलायचं?

दुधाचं नीट ऐक, कारण हीच चूक घरोघरी होते. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं भरपूर असतात, दुधातली साखर त्या मानाने कमी. गाई-म्हशीच्या दुधात ती साखर जास्त. आईचं दूध सुटत आलं की ती साखर पचवायची पिल्लाची ताकदही घटत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब होतात. म्हणून त्याला दूध नको. अशक्तपणा दूध बंद केल्याने येत नाही, जुलाबाने येतो, हे तुझ्या आईला माझ्या नावाने सांग.

दुसरं कारण जंत. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात आणि अंकुशकृमी आईच्या दुधातून येतात. म्हणून पिल्लू कितीही चांगल्या घरातलं असलं तरी जंत आहेत असंच धरून चालायचं. औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर १५ दिवसांनी, साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत, आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. डोस वजनावर ठरतो. शेरूला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहा, मग एकटी उभी राहा आणि वजाबाकी कर. विकणाऱ्याने "औषध दिलंय" म्हटलं तरी कार्डावर तारीख आणि औषधाचं नाव नसेल तर दिलं नाही असंच समज.

तिसरं कारण तुमच्या गारखेड्याचं, किंबहुना अख्ख्या संभाजीनगर शहराचं. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, मग हौद आणि ड्रम भरून ठेवायचे, आणि पिल्लाचं भांडं त्याच ड्रमच्या तळाशी बुडवायचं. साठवलेल्या पाण्यात धूळ बसते, घाण उतरते. पावसाळ्याच्या तोंडावर तर जास्तच. शेरूला तुम्ही पिता तेच गाळून उकळलेलं पाणी दे. भांडं रोज घासायचं, पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलायचं.

आणि हे दिवस आंब्याचे. लवकरच मक्याची कणसंही येतील. आंब्याची कोय आणि कणसाचा बुरकुंडा या पिल्लाच्या आतड्यात अडकणाऱ्या फार वाईट वस्तू. वारंवार उलटी, काहीच टिकत नाही, शी बंद, पोट दुखतंय, असं दिसलं तर ती अपचनाची उलटी नव्हे. कचऱ्याची बादली उंचावर ठेव.

आता ज्या आजाराची मला काल भीती वाटत होती, तो सांगतो. त्याचं नाव पार्वो. १९७८ मध्ये हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोन-तीन वर्षांत जगभर पसरला. तो आतड्याच्या आतल्या अस्तरावर घाला घालतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशीही खाली आणतो. म्हणजे पोटाची भिंत फुटते आणि त्याच वेळी पहारेकरीही झोपतात. पिल्लू आधी सुस्त पडतं, खाणं सोडतं, मग उलट्या, मग रक्ताळलेली, भयंकर वास मारणारी शी. उपचार नसेल तर बहुतेक पिल्लं दगावतात. वेळेवर सलाईन आणि उपचार मिळाले तर बहुतेक वाचतात. मधलं अंतर कधीकधी फक्त एका रात्रीचं असतं. आमच्याच घरचं वाघ्या नावाचं पिल्लू मी "सकाळी बघू" म्हणून ठेवलं होतं. सकाळी ते गोणपाटावर थंड पडलेलं सापडलं. तेव्हापासून "सकाळी बघू" हे शब्द मी पिल्लाच्या बाबतीत उच्चारत नाही.

म्हणून ही ओळ लाल पेनाने अधोरेखित कर. शीमध्ये रक्त, एकापेक्षा जास्त उलट्या, पाणीही पोटात न टिकणं, पिल्लू मलूल होणं, पांढरट किंवा कोरड्या हिरड्या, १०३ च्या वर ताप किंवा अंग गार पडणं, यांतलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना फोन करायचा. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला तर आणखी लवकर न्यायचं. पार्वो आहे की नाही हे तपासायची छोटी पट्टी असते, शीच्या नमुन्यावर काही मिनिटांत उत्तर मिळतं. ती तपासणी करायला स्वतःहून सांग.

यांतलं काहीच नसेल, पिल्लू खेळतंय, पाणी पितंय, फक्त शी पातळ आहे, तर एक दिवस घरी सांभाळता येतं. मोठ्या कुत्र्याला दिवसभर उपाशी ठेवलं तर चालतं. एवढ्याशा पिल्लाला ते झेपत नाही, त्याच्या रक्तातली साखर उतरते आणि ते लटपटायला लागतं. उलटी झाली असेल तर दोन-तीन तास पोटाला विश्रांती, मग मऊ शिजवलेला भात आणि कातडी-हाडं काढलेली, मीठ-मसाल्याविना उकडलेली कोंबडी. दोन वाट्या भाताला एक वाटी कोंबडी. एका वेळी दोन-तीन चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. आजींच्या हातची खिचडी नको, त्यात कांदा-लसूण असतो आणि तो कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी मोडतो. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात कालवून दर दहा-पंधरा मिनिटांनी चमचाभर त्याच्या पुढ्यात धर. घशात ओतू नकोस, फुप्फुसात जातं. काशीहून आणलेली गंगा वाटेत तडफडणाऱ्या गाढवाला पाजणारे संत एकनाथमहाराज आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणचे, आणि तुमच्या नळाचं पाणीही पैठणच्याच जायकवाडीचं. आजारी पिल्लाजवळ रात्री वाटी-चमचा घेऊन बसणं ही त्याच जातीची सेवा आहे.

शी घट्ट झाली की लगेच नव्या खाण्यावर उडी मारू नकोस. विकणारा जे दाणे देत होता तेच आधी दे, आणि नवं खाणं आणायचं असेल तर पाव, अर्धं, पाऊण असं सात दिवसांत वाढवत ने.

औषधांबद्दल हात जोडून सांगतो. जायफळ माणसाच्या बाळाला चालत असेल, कुत्र्याला ते विष आहे. जास्त पोटात गेलं तर झटकेसुद्धा येतात. माणसांची जुलाबाची गोळी आतड्याची हालचाल थांबवते आणि जे बाहेर पडायला हवं ते आत कोंडून ठेवते. काही जातींच्या कुत्र्यांच्या तर मेंदूवर जाते. पॅरासिटामॉल, ब्रुफेन यांना हात लावायचा नाही. मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिक आणायचं नाही. चॉकलेट, द्राक्षं, मनुका शेरूच्या तोंडाजवळ न्यायच्या नाहीत. आजींना हे तू सांगू नकोस, मी रविवारी फोन करून त्यांच्याशी बोलेन. त्यांनी नातवंडं वाढवली आहेत, त्यांचा मान राखूनच सांगायला हवं.

घराची स्वच्छता. शेरूची शी त्याच वेळी उचल. गोल जंताच्या अंड्यांना लागण करण्याजोगं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे ताजी शी उचलली की धोका टळला. राहिली तर तीच अंडी अंगणात खेळणाऱ्या छोट्या चिनूच्या हातावाटे पोटात जाऊ शकतात आणि क्वचित डोळ्यापर्यंतही पोचतात. शेरूला खेळवल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. पार्वोची शंका असेल तर नुसत्या फिनाइलवर विसंबू नकोस. घरात मिळणारं ब्लीचचं द्रावण एक भाग आणि पाणी तीस भाग, असं करून धुतलेल्या फरशीवर दहा मिनिटं राहू दे. हा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने जिवंत राहतो.

म्हणूनच लस पूर्ण होईपर्यंत शेरूला हिमायत बागेत फिरायला नेऊ नकोस. तुझी हौस मला कळते, पण जिथे शेकडो कुत्री येऊन गेली ती माती त्याच्यासाठी अजून नाही. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवडे पुरे होईपर्यंत चालते. आईकडून मिळालेलं संरक्षण लसीला अडवतं आणि ते कधी संपेल हे पिल्लागणिक वेगळं असतं, म्हणून एकच टोचून भागत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तुमच्या जवळचा खासगी दवाखाना हेरून ठेव आणि खडकेश्वरचा सरकारी जनावरांचा दवाखानाही. रात्री कोण फोन उचलतं हे आजच विचारून घे, गरज पडेल तेव्हा नव्हे.

उद्या एक दोनशे पानी वही आण. पहिल्या पानावर शेरूचं वजन, जंताच्या औषधाची तारीख, लसीची तारीख आणि डॉक्टरांचा नंबर लिही. दुसऱ्या पानापासून रोज दोन ओळी: काय खाल्लं आणि शी कशी झाली. महिनाभर हे कर. महिन्यानंतर शेरूच्या पोटाचा जाणकार म्हणून मी तुलाच फोन करीन.

आई-बाबांना नमस्कार, आजींना माझा साष्टांग. चिनूला गोड पापा. उद्या सकाळी शेरूचं वजन कळव.

तुझा,
मामा