खेळाचे मुखपृष्ठ : लहान चौकटीतील खरी ओळख

दिवाळीच्या सुमारास पुस्तकांच्या दुकानात शेदीडशे अंक एका ओळीने मांडलेले असतात. वाचक त्यांतील एखादा उचलतो, तो आतील मजकूर वाचून नव्हे, तर मुखपृष्ठ पाहून. दीनानाथ दलाल यांच्यासारख्या चित्रकारांनी रंगविलेल्या मुखपृष्ठांनी मराठी वाचकांच्या पिढ्यांना ही सवय लावली. व्हिडिओ गेमच्या, म्हणजेच संगणकीय खेळांच्या बाजारपेठेत आज नेमके हेच घडते. फरक एवढाच की, तेथे मुखपृष्ठाला वीतभर कागद मिळत नाही. टपाल तिकिटाएवढी, कित्येकदा त्याहूनही लहान चौकट मिळते.

कोणत्याही मोठ्या कंपनीच्या भांडवलाशिवाय एकट्याने किंवा चारदोन सहकाऱ्यांच्या मदतीने खेळ तयार करणाऱ्यांना स्वतंत्र निर्माते म्हणतात. 2016 साली प्रसिद्ध झालेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीवरील खेळ एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने राबून तयार केला. त्यातील चित्रे, संगीत आणि संगणकीय लेखन हे सारे त्याचेच. अशा प्रदीर्घ श्रमांचे फळ ग्राहकाच्या नजरेस पडते, ते मात्र निमिषभरच. त्या निमिषात चौकटीवर बोट टेकले नाही, तर आतील खेळ कितीही सरस असला तरी तो पाहिलाच जात नाही. म्हणूनच मुखपृष्ठ ही अखेरच्या आठवड्यात उरकण्याची बाब नव्हे.

बाजारपेठेचे स्वरूप

संगणकीय खेळांच्या विक्रीचे सर्वांत मोठे दालन म्हणजे अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने 2003 मध्ये सुरू केलेले ‘स्टीम’ होय. एकट्या 2024 या वर्षात या दालनात 18 हजारांहून अधिक नवे खेळ दाखल झाले. म्हणजे दररोज सरासरी पन्नासच्या आसपास! या गर्दीत जाहिरातीसाठी पैसा नसलेल्या निर्मात्याचा पहिला प्रतिनिधी म्हणजे त्याचे मुखपृष्ठ.

या दालनात एकच चित्र निरनिराळ्या मापांत द्यावे लागते. शीर्षस्थानच्या आडव्या चौकटीचे माप 920 गुणिले 430 पिक्सेल, उभ्या चौकटीचे 748 गुणिले 896, तर छोट्या चौकटीचे 462 गुणिले 174 पिक्सेल असते. ही छोटी चौकट यादीत दाखविताना आणखी आक्रसून 120 गुणिले 45 पिक्सेलपर्यंत येते. ग्राहक शोध घेताना जी यादी पाहतो, तीत हेच लहानात लहान रूप दिसते. साहजिकच छोट्या चौकटीत खेळाचे नाव जवळजवळ संपूर्ण जागा व्यापेल इतके मोठे असावे, अशी स्टीमची शिफारस आहे.

1 सप्टेंबर 2022 पासून लागू झालेल्या नियमांनुसार या चौकटींत खेळाचे चित्र, त्याचे नाव आणि अधिकृत उपनाम एवढेच असू शकते. मिळालेले पुरस्कार, समीक्षकांची स्तुतिवचने किंवा किमतीतील सवलत यांचा उल्लेख करण्यास मनाई आहे. वरवर पाहता हे बंधन वाटते. परंतु लहान निर्मात्याच्या दृष्टीने ते हिताचेच आहे. कारण त्यामुळे स्पर्धा बिरुदांची न राहता चित्राची राहते.

मुखपृष्ठ काय सांगते?

चांगले मुखपृष्ठ तीन प्रश्नांची उत्तरे देते : हा खेळ कोणत्या प्रकारचा आहे, त्याचा भाव कोणता आहे आणि त्याचे नाव काय आहे? या तिन्हींखेरीज चौथी गोष्ट सांगण्याचा मोह आवरावा लागतो. अनेक नवे निर्माते नायक, खलनायक, किल्ला, शस्त्रे व स्फोट असे सर्व काही एकाच चौकटीत कोंबतात. मोठ्या पडद्यावर हे चित्र भव्य दिसते. परंतु आकार लहान होताच त्याचा रंगीत चिखल होतो.

ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील ‘टीम चेरी’ या छोट्या संस्थेचा 2017 मधील ‘हॉलो नाइट’ हा खेळ या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. त्याचा नायक म्हणजे पांढरा, दोन शिंगे असलेला मुखवटा आणि त्यात दोन काळे डोळे. गडद पार्श्वभूमीवरील हा पांढरा आकार कितीही लहान केला तरी ओळखता येतो. येथे मुखपृष्ठाचे निम्मे काम पात्राच्या रेखाटनातच पार पडले आहे.

नावाच्या बाबतीत पुण्याचे उदाहरण घेता येईल. तेथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळाचे नाव ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ असे आहे. ‘राजी’ हे नायिकेचे नाव; परदेशी ग्राहकाला त्यावरून काहीच बोध होण्यासारखा नाही. ‘एक प्राचीन महाकाव्य’ या अर्थाचे उपनाम ती उणीव भरून काढते. मात्र उपनाम अत्यंत लहान चौकटीत वाचता येत नाही. म्हणून मूळ नाव थोडक्या अक्षरांचे व ठसठशीत असणे इष्ट.

आकर्षक की खरे?

मुखपृष्ठाने लक्ष वेधले पाहिजे, हे खरे; पण त्याने खोटे बोलता कामा नये. 1987 मधील ‘मेगा मॅन’ या जपानी खेळाच्या अमेरिकेतील आवृत्तीचे मुखपृष्ठ या संदर्भात कुप्रसिद्ध आहे. खेळातील नायक हा हातालाच तोफ जोडलेला यंत्रबालक. मुखपृष्ठावर मात्र पिस्तूल घेतलेला, अवघडल्यासारखा उभा असलेला एक प्रौढ माणूस! आत काय आहे, याचा त्या चित्रावरून अंदाजही येत नव्हता.

याउलट, ‘इको’ या 2001 मधील खेळाचे जपानमध्ये वापरलेले मुखपृष्ठ दिग्दर्शक फुमितो उएदा यांनी स्वतः रंगविले होते. इटालियन चित्रकार ज्योर्जो दे किरिको यांच्या शैलीतून स्फुरलेल्या त्या चित्रात उत्तुंग वास्तू, लांबलचक सावल्या आणि हात धरून जाणाऱ्या दोन इवल्या आकृती आहेत. खेळातील एकाकीपणा त्यात पुरेपूर उतरला आहे. येथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. हे चित्र पेटीच्या आवरणासाठी होते. 120 पिक्सेलच्या चौकटीत त्या आकृती दिसणारही नाहीत. म्हणून एकच चित्र सर्वत्र कापून बसविण्याऐवजी प्रत्येक मापासाठी मांडणी नव्याने करावी लागते.

खरेपणाचा संबंध केवळ नीतीशी नाही, तो व्यवहाराशीही आहे. 2015 पासून स्टीमवर खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांहून कमी असल्यास पैसे परत मागता येतात. युद्धाचे चित्र पाहून आलेल्या ग्राहकाला आत कोडी सोडवावी लागली, तर तो पैसे परत घेतो आणि जाताना प्रतिकूल अभिप्रायही लिहून ठेवतो. ज्याला कोड्यांचीच आवड आहे, तो ग्राहक तर ते चित्र पाहून केव्हाच पुढे गेलेला असतो. दोन्हीकडून हानी निर्मात्याचीच.

कामाची पद्धत

प्रथम खेळाचे वर्णन एका वाक्यात लिहून काढावे. त्या वाक्यातील मुख्य नाम व क्रियापद हेच चित्राचे विषय होत. त्यानंतर अंगठ्याच्या नखाएवढी दहाबारा कच्ची रेखाटने केवळ काळ्या-पांढऱ्या रंगांत करावीत. जे रेखाटन रंगाविना उठून दिसते, तेच पुढे रंगवावे. त्याच प्रकारच्या वीस खेळांची मुखपृष्ठे शेजारी मांडून आपले चित्र त्यांत ठेवावे : ते त्याच कुळातील वाटले पाहिजे, पण त्यांत हरवता कामा नये. शेवटी, खेळाची काहीही माहिती नसलेल्या व्यक्तीला ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर क्षणभर दाखवून, ‘यात काय करायचे असेल?’ असे विचारावे. तिचे उत्तर चुकले, तर दोष तिचा नसून चित्राचा असतो.

चित्रकाराकडून काम करून घेताना मोबदला, वापराचे हक्क आणि थर सुटे असलेली मूळ चित्रफाईल यांविषयी लेखी करार करावा. नाव व चित्र वेगळे करता आले नाही, तर प्रत्येक मापासाठी पुन्हा खर्च येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र तयार केले असल्यास 2024 पासून स्टीमवर तसे जाहीर करावे लागते, हेही लक्षात ठेवावे. प्रसिद्धीनंतरही मुखपृष्ठ बदलता येते. चौकट किती वेळा दिसली आणि किती जणांनी ती उघडली, याचे आकडे निर्मात्याला उपलब्ध होत असल्याने बदलाचा परिणाम पडताळता येतो.

महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये ॲनिमेशन, दृश्य परिणाम व गेमिंग या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. या क्षेत्राकडे वळणाऱ्या तरुणांची पूर्वतयारी चित्रकलेच्या तासालाच होऊ शकते. एखाद्या परिचित खेळाचे, उदाहरणार्थ आट्यापाट्यांचे, मुखपृष्ठ दोन इंच चौकटीत काढण्यास सांगून ती चित्रे वर्गाच्या दुसऱ्या टोकाला लावावीत. कोणती ओळखू येतात, हे विद्यार्थीच सांगतील. बचत गटाच्या लोणच्याच्या बरणीवरील चिठ्ठीलाही हीच कसोटी लागू पडते. थोड्या जागेत, दुरून वाचता येईल असे आणि आत आहे तेवढेच सांगणे, हा या विद्येचा सारांश होय.