कापड पारखता, तसा दिवाही पारखा

मालेगाव हे यंत्रमागांचे शहर. याच शहरात नासिर शेख व त्यांच्या साथीदारांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट तुटपुंज्या साधनांनिशी तयार केला. त्यांच्या धडपडीवर फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली निघाला आणि २०२५ साली त्याच कथेवरचा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. सायकलीवर कॅमेरा चालवणाऱ्या या मंडळींनी दाखवून दिले, की हुनर असेल तर थोड्या साधनांतही काम होते.

आज आपल्या वस्त्यांतील तरुण लघुपट काढू पाहतात आणि दिव्यांसाठी घरच्या वडीलधाऱ्यांकडे भांडवल मागतात. देणाऱ्याला या मालाची माहिती नसते. आम्ही कापडाच्या व्यापारातले. पण ही पारख आपल्या धंद्यापासून फार दूर नाही.

रंग आधी, वॅट नंतर : जाणकार गिऱ्हाईक ट्यूबखाली पसंत केलेले कापड उन्हात नेऊन पाहते. दिव्याची परीक्षाही तीच. दिवा रंग किती खरे दाखवतो, त्याच्या आकड्याला सीआरआय म्हणतात. तो १०० पैकी ९५ च्या वर असावा. परंतु ही आठ फिकट रंगांची सरासरी असते. गडद लाल त्यात धरलेला नसतो. त्याचा 'आर-नाइन' हा आकडा वेगळा विचारावा. लाल रंग कमजोर असेल तर माणसाचा चेहरा आजारी दिसतो. खरेदीला जाताना गडद लाल कापडाचा तुकडा सोबत न्यावा.

लुकलुक तपासावी : दिवा अगदी मंद करून कॅमेऱ्यातून पाहावा. शटरचा वेग बदलताना पडद्यावर पट्टे सरकू लागले, तर तो दिवा घेऊ नये. पंख्याचा आवाजही ऐकावा; तो संवादांत उतरतो.

एक चांगला, तीन हलके नकोत : स्वस्त तीन दिव्यांच्या पेटीपेक्षा १५० ते २०० वॅटचा एकच उत्तम एलईडी घ्यावा. तो ३२०० केल्विनचा पिवळा आणि ५६०० केल्विनचा दिवसासारखा, असे दोन्ही प्रकाश देणारा असावा. पुढचे जोडसामान सहज मिळावे म्हणून बोवेन्स माउंट पाहावा. सोबत बॅटरीवर चालणारा एक लहान दिवा, दोन मजबूत स्टँड आणि ते पडू नयेत म्हणून वाळूच्या पिशव्या, एवढ्यावर सुरुवात होते. जुना ८०० वॅटचा हॅलोजन जेवढा प्रकाश देई, साधारण तेवढा २०० वॅटचा एलईडी देतो आणि घरच्या साध्या प्लगवर चालतो.

बाकीचे काम कापडाचे : दिवा दुप्पट लांब नेला की प्रकाश चौथाई उरतो. म्हणून जास्त वॅट विकत घेण्याआधी दिवा जवळ आणावा. तो डोळ्यांत टोचू लागला तर पुढे पांढरी मलमल ताणावी; प्रकाश मऊ होतो. मलमल कोरी, न धुपवलेली असेल तर प्रकाशाला किंचित पिवळी झाक येते. सावलीची बाजू उजळायला थर्मोकोलचा पांढरा पत्रा, आणि गडद करायला काळे कापड. हॅलोजनजवळ मात्र कापड नेऊ नये. ते पेट घेते.

भांडवलाचा हिशेब : लघुपटातून पैसा लवकर सुटत नाही. म्हणून हाच संच लग्नसराईत, साड्यांच्या छायाचित्रांत आणि दुकानांच्या जाहिरातींत कमावता राहिला पाहिजे. पहिले काम असेल तर दिवा आधी भाड्याने आणून चालवून पाहावा. व्याजी हप्त्यावर पेटी उचलण्यापेक्षा दोघा-तिघांनी भागीदारीत संच घ्यावा. कोणाची रक्कम किती, नफ्यात वाटा किती, दिवा फुटला तर भरपाई कोण देणार, हे पहिल्याच दिवशी साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. मैत्री आणि भांडवल दोन्ही टिकवायचे, तर तोंडी करार पुरत नाही.