उतार पडल्यानंतर

मनाच्या आजाराचा जोर असतो तेव्हा सगळं घर जागं असतं. भावकी धावून येते, गाडी मिळते, पैशांची सोय होते. खरी कसोटी लागते ती उतार पडल्यावर. माझ्या धाकट्या भावाच्या सायकोसिसमध्ये, म्हणजे भास-भ्रमाच्या आजारात, आमच्या घरानं जे सोसलं, त्यातून मला चिंचणी, तारापूर, बोईसरच्या घराघरांत एकच गोष्ट पोहोचवायची आहे. माणूस बरा दिसू लागतो तिथून पुढचा काळ सर्वांत नाजूक असतो, आणि तो काळ त्या माणसाला विचारून, त्याला बरोबर घेऊनच निभावतो.

भाऊ तारापूर एमआयडीसीत ऑपरेटर होता. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. मशीनच्या आवाजातून लोक आपल्याविषयी बोलतात, असं तो सांगू लागला तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी भगत गाठला आणि आम्ही डॉक्टर. औषध लागू पडलं. काही महिन्यांत तो संध्याकाळी चौपाटीवर दिसू लागला, कामावरही रुजू झाला. घरानं हुश्श केलं.

मग त्यानं कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या. का सोडल्या, ते पुढे त्यानंच सांगितलं. गोळीमुळे सकाळी डोळे उघडत नव्हते, मशीनवर पेंग यायची. वजन वाढलं होतं. हात थरथरायचा म्हणून कॅन्टीनमध्ये चारचौघांसमोर चहा घ्यायची लाज वाटायची. तपासणीला गेल्यावर ‘कसं आहे?’, ‘बरं आहे’ एवढ्यावर बोलणं संपायचं. गोळ्या सोडल्यावर सुरुवातीला त्याला खरोखरच हलकं वाटलं, आणि घात तिथेच झाला. औषध थांबलं की आजार लगेच परतत नाही. मध्ये काही आठवडे, कधी काही महिने जातात. त्यामुळे गोळी सुटण्याचा आणि दुखणं उलटण्याचा संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही.

आधी झोप गेली. नाईट करून आल्यावरही दुपारभर तो टक्क जागा. मग जेवणाचं ताट न्याहाळून बघणं, मग मोबाइल बंद करून पत्र्याच्या डब्यात ठेवणं. दुसरा झटका पहिल्यापेक्षा मोठा होता. त्यात नोकरी गेली आणि सावरायलाही कितीतरी जास्त काळ लागला.

म्हणून पहिलं सांगणं औषधाविषयी. सायकोसिसच्या पहिल्या झटक्यानंतर, पूर्ण बरं वाटत असलं तरी, औषध साधारण एक ते दोन वर्षं चालू ठेवतात. झटके उलटून येत असतील तर त्याहून जास्त. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटू लागल्यावरही त्या किमान सहा महिने घ्यायच्या असतात. कमी करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू. पण ‘गोळी घेतलीस का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘गोळीनं काय त्रास होतो?’ हेही विचारा. झोप, वजन, थरथर, अंग आखडणं, पाळी चुकणं, पती-पत्नीच्या संबंधातली अडचण, जे असेल ते कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. मात्रा बदलता येते, गोळीची वेळ बदलता येते, औषधही बदलता येतं. रोजची गोळी नको असेल त्याला काही औषधं काही आठवड्यांनी एकदा घ्यायच्या इंजेक्शनच्या रूपातही मिळतात. वजन आणि रक्तातली साखर मात्र अधूनमधून तपासून घ्यायला हवी.

दुसरं सांगणं झोपेविषयी. आमच्या पट्ट्यात कारखान्यांच्या शिफ्ट हा पोटापाण्याचा भाग आहे, तरी या आजारातून सावरणाऱ्याला रात्रपाळी फार जड जाते. डॉक्टरांची चिठ्ठी देऊन जनरल शिफ्ट मागा. लागोपाठ दोन-तीन रात्री झोप उडाली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, तेव्हाच डॉक्टरांना कळवा. दारू, ताडी आणि गांजा यांनी सावरलेली घडी विसकटते, हेही त्याच्याशी मोकळेपणानं बोला.

तिसरं, घरातल्या बोलण्याविषयी. लंडनमध्ये संशोधक जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयातून घरी परतलेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्या घरांत सतत टीका आणि राग, किंवा अतिकाळजीचा वेढा होता, तिथे आजार जास्त वेळा उलटला. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी मायेपोटीच होतात. वडील म्हणतात, ‘किती लोळशील?’ आई त्याच्या हातचा झाडूसुद्धा काढून घेते. अंथरुणातून न उठणं हा बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो, तो आळस नसतो. मात्र बसवून ठेवल्यानंही माणूस खचतो. चिंचणीत दागिन्यांच्या डाय बनवण्याचा धंदा जुना आहे. भावानं एका ओळखीच्या कारागिराकडे जाऊन बसायचं ठरवलं. आधी थोडा वेळ, मग अर्धा दिवस. काम त्यानं निवडलं, वेळही त्यानंच. आम्ही फक्त डबा दिला. ‘लग्न करून टाका, सुधारेल’ हा सल्ला मात्र आम्ही ठामपणे नाकारला. लग्न हे औषध नव्हे, आणि येणाऱ्या मुलीपासून काही लपवणं हा तिच्यावरचा अन्याय आहे.

चौथं, तो बरा असताना एक कागद तयार करा. आजार परततो तेव्हा आपल्यात काय बदल होतो, कुणाला बोलवायचं, कोणतं औषध सोसत नाही, हे त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहावं. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे 2018 पासून लागू आहे. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, याची आगाऊ सूचना देण्याचा हक्क या कायद्यानं दिला आहे. निर्णय घेण्याची ताकद नसेल तेव्हा आपल्या वतीनं बोलणारा प्रतिनिधीही स्वतः नेमता येतो. माझ्या भावानं मला नेमलं नाही, त्याच्या वहिनीला नेमलं. ती ओरडत नाही, ऐकून घेते, हे त्याचं कारण, आणि ते बरोबर आहे. हाच कायदा रुग्णाला साखळदंडानं बांधायला मनाई करतो.

भगताविषयीही सरळ बोलतो. श्रद्धा ज्याची त्याची. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला जा, नवस फेडा, पण गोळ्या पिशवीत असू द्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणी मारहाण करत असेल तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

एक प्रश्न विचारायला लोक घाबरतात, तो अवश्य विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे जास्त जोखमीचे असतात. त्या काळात कीटकनाशक आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा, सोबत राहा. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

मदत कुठे मिळेल? ‘टेली मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासूनचं आहे. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. इथून ठाण्याला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरीही बुडते. म्हणून आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे, तेव्हा आजार दीर्घकाळ टिकला असेल तर प्रमाणपत्राविषयी तिथेच विचारा.

आणि घरच्यांनी एकमेकांना भेटावं. डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि याच आजारावरच्या ‘देवराई’ चित्रपटामागेही तेच उभे राहिले. पुण्यात रुग्ण आणि नातेवाईक एकत्र बसून बोलतात, तसं बोईसरच्या एखाद्या शाळेच्या वर्गात रविवारी बसायला काय हरकत आहे? त्यासाठी ना पैसा लागतो ना इमारत. पुढाकार घेणारी दोन-चार घरं लागतात. त्यातलं एक घर आमचं असेल.