परिस्थितीजन्य पुरावा : दोन सदरे आणि एक रक्ताळलेली सुरी

सूरह यूसुफमध्ये सदऱ्याचा उल्लेख तीन प्रसंगी येतो. त्यांपैकी दोन प्रसंग पुराव्याचे आहेत. भावांनी ह. यूसुफ (अलै.) यांच्या सदऱ्याला खोटे रक्त लावून तो पित्यापुढे ठेवला. ह. याकूब (अलै.) यांनी ते मानले नाही. लांडग्याने मुलगा खाल्ला आणि सदरा मात्र कोठेही फाटला नाही, ही विसंगती त्यांनी हेरली, असे मुफस्सिरीन सांगतात. पुढे अजीजच्या घरात आरोप झाला तेव्हा घरातल्याच एका माणसाने कसोटी सुचविली : सदरा पुढून फाटला असेल तर स्त्री खरी, मागून फाटला असेल तर यूसुफ खरे. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. कसोटी आधी ठरली, सदरा नंतर पाहिला गेला. आपण बहुधा उलट करतो. गुन्हेगार आधी ठरवतो आणि मग त्याला शोभेल असा पुरावा वेचत बसतो.

प्रत्यक्ष साक्षीदार नसताना वस्तू बोलते, हे कुरआनला मान्य आहे. वस्तूला खोटे बोलायला लावता येते, हेही त्याच सूरहमध्ये आहे.

फिकहच्या परिभाषेत अशा खुणेला ‘करीना’ म्हणतात. केवळ करीन्यावर खुनाचा दोष सिद्ध होतो काय? बहुसंख्य फुकहांनी किसाससाठी आरोपीची कबुली किंवा दोन विश्वासार्ह साक्षीदार आवश्यक मानले. इमाम इब्नुल कय्यिम (मृत्यू 751 हिजरी) यांनी मात्र ‘अत्-तुरुकुल हुकमिय्या’ या ग्रंथात करीन्याची बाजू जोरकसपणे मांडली. पुढे उस्मानी राजवटीत 1869 ते 1876 या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या संहितेने निर्णायक करीना हा निवाड्याचा आधार मानला आणि कलम 1741 मध्ये उदाहरण दिले : रिकाम्या घरातून एक माणूस घाबरलेल्या अवस्थेत, हाती रक्ताळलेली सुरी घेऊन बाहेर येतो, लोक तत्काळ आत जातात, तर नुकताच गळा चिरलेला देह पडलेला. हाच खुनी, यात शंका नाही.

आता इब्नुल कय्यिम यांच्याच ग्रंथातील एक कथा वाचावी. ह. अली (रजि.) यांच्यासमोर एका माणसाला आणले गेले. तो एका पडक्या जागेत प्रेताजवळ, हाती रक्ताळलेली सुरी असताना सापडला होता. त्याने कबुलीही दिली. शिक्षा होणार, तोच दुसरा माणूस धावत आला व म्हणाला, खून मी केला आहे. पहिल्याला विचारले, मग तू कबूल का केलेस? तो कसाई होता. गाय कापून लघवीसाठी त्या पडक्या जागेत शिरला आणि पकडला गेला. सुरी, रक्त आणि प्रेत समोर असताना आपले कोण ऐकणार, असे त्याला वाटले. मजल्लाने ज्या दृश्याला निःसंशय म्हटले, जवळजवळ तेच दृश्य येथे आहे आणि माणूस निरपराध आहे! करीन्याच्या सर्वांत मोठ्या पुरस्कर्त्यानेच ही कथा नोंदवून ठेवली, याचे मला फार मोल वाटते.

आपल्या देशात फौजदारी खटले देशाच्या कायद्याने चालतात आणि परिस्थितीजन्य पुराव्यावर खुनाची शिक्षा होऊ शकते. किती पुरावा पुरेसा, याचा मापदंड महाराष्ट्रातील एका खटल्याने दिला. जून 1982 मध्ये पुण्यात एक नवविवाहिता विषाने मरण पावली. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. 17 जुलै 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. ‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो निकाल ओळखला जातो. मुख्य निकालपत्र न्या. सय्यद मुर्तजा फजल अली यांचे आहे. त्यांनी पाच अटी घातल्या. प्रत्येक परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. ती केवळ आरोपीच्या दोषाशीच जुळणारी असावी. ती निर्णायक स्वरूपाची असावी. अन्य कोणतीही शक्यता तिने शिल्लक ठेवू नये. आणि साखळी अशी अखंड असावी की निर्दोषत्वाला वाजवी जागा उरू नये. मृत्यू विषाने झाला हे सिद्ध होते, पण ते विष आरोपीजवळ होते हे सिद्ध नव्हते आणि आत्महत्येची शक्यता नाकारता येत नव्हती. आरोपीच्या खोट्या खुलाशाने साखळीतली तुटलेली कडी भरून काढता येत नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. चौकातल्या चर्चेत नेमके हेच सर्वाधिक घडते : तो खोटे बोलला, म्हणजे मारले त्यानेच.

मग मृताच्या आप्तांनी काय करावे? खैबरमध्ये अब्दुल्लाह बिन सहल (रजि.) यांचे प्रेत सापडले. संशय उघडच तेथील रहिवाशांवर होता. प्रेषित (सल्ल.) यांनी आप्तांना पन्नास शपथा घेण्यास सांगितले, तेव्हा ते म्हणाले की, जे आम्ही पाहिले नाही त्याची शपथ कशी घ्यावी? आपला माणूस गेलेला असताना त्यांनी हे उत्तर दिले. समोरच्या पक्षाच्या शपथाही त्यांना मान्य नव्हत्या. तेव्हा रक्त वाया जाऊ नये म्हणून प्रेषितांनी (सल्ल.) शंभर उंटांची दियत स्वतः दिली. कोणाच्याही गळ्यात संशय अडकवला नाही.

धाडसारख्या गावी पोलीस पंचनाम्यासाठी आपल्यातल्याच कोणाला पंच म्हणून बोलावतात. पुष्कळ जण न वाचता सही करतात. सुरी आपल्यासमोर जप्त झाली, असे त्या कागदावर लिहिलेले असते. ती खरोखर आपल्यासमोर जप्त झाली नसेल तर ती सही खैबरच्या त्या आप्तांनी नाकारलेल्या शपथेसारखीच आहे. खोट्या पंचनाम्याने निरपराध अडकतो, आणि न्यायालयात पंच उलटला तर खरा खुनीही सुटतो.

आरोपी सुटला म्हणून मृताच्या कुटुंबाचा हक्क संपत नाही, हेही ठाऊक असावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 396 नुसार निर्दोष सुटकेनंतरही न्यायालय पीडितासाठी भरपाईची शिफारस करू शकते. गुन्हेगाराचा शोधच लागला नाही तर पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करू शकतात.